मांडवीच्या पाण्यावर एक प्रहर

शरद् ऋतूचें वर्णन केलें नाहीं असा संस्कृत कवि शोधूनच काढावा लागेल. वाल्मीकीनें किष्किंधाकांडांत तें रामाच्या मुखीं घातलें. कालिदासानें ऋतुसंहाराचा तिसरा सर्ग या ऋतूस दिला आणि रघूच्या दिग्विजयाचा प्रारंभहि याच ऋतूंत केला. भागवतकारांनीं तर दशमस्कंधांत वर्षा आणि शरद् या दोघींना मिळून एक सबंध अध्याय वाहिला. रघुवंशांत कालिदास म्हणतो कीं, अगस्तीचा उदय झाला आणि पावसाळ्यांत गढूळलेलें पाणी प्रसन्न झालें. मीं पस्तीस वर्षें हें मुलांना शिकविलें. तारा पाणी निवळवीत नाहीं, दोन्ही गोष्टी एकाच सुमारास घडतात एवढेंच, हेंहि त्यांना सांगत आलों. परंतु निवळलेल्या नदीच्या कांठीं पहांटे उभें राहून वर अगस्ति आणि खालीं पाणी असें दोन्ही एकाच दृष्टींत पाहण्याचा योग मला वयाच्या अडुसष्टाव्या वर्षीं, गेल्या आश्विनांत, आला. त्याची हकीगत वाचकांना सांगावी असें मनांत आहे. मात्र आरंभींच सांगितलें पाहिजे कीं, मी तेथें सहलीसाठीं गेलों नव्हतों. मला एका घरगुती वादाचा निवाडा करण्यासाठीं पाठविलें होतें.

आमची थोरली कन्या गोव्यांत माशेलला दिली आहे. घर मोठें व एकत्र. सासूसासरे, दोन दीर, जावा, लेंकरें मिळून रोज चौदा पानें पडतात. तिची मुलगी, म्हणजे आमची नात, प्राणिशास्त्र घेऊन एम्. एस्सी. झाली. आजीच्या आग्रहाखातर तिनें बी. एड्.हि केलें. परंतु गेलें दीड वर्ष ती कांहीं अभ्यासकांबरोबर मांडवीच्या खाडींतील पाणमांजरांचें निरीक्षण करीत आहे. हा अभ्यास पुस्तकांतला नव्हे. पहांटे आणि तिन्हीसांजेस चिखलांतून हिंडावयाचें, बांधांवर पडलेली पाणमांजरांची विष्ठा बाटल्यांत भरून तीवर तारीख घालावयाची, आणि खोडांना बांधून ठेवलेल्या कॅमेऱ्यांतलीं रात्रीचीं चित्रें उतरवून घ्यावयाचीं, असें त्याचें स्वरूप आहे. विद्यावेतन बेताचें. अशांत तिला एका शाळेंत शिक्षिकेची कायमची जागा चालून आली, आणि होकार कीं नकार हें आठ दिवसांत कळवावयाचें होतें.

घरांत सरळ दोन पक्ष पडले. विहीणबाईंचें म्हणणें असें कीं, "पोर अंधाऱ्या वेळीं मगरींच्या पाण्यांत असते, ती परत येईपर्यंत माझ्या डोळ्याला डोळा लागत नाहीं." तिच्या वडिलांचा मुद्दा वेगळा होता. भय त्यांना वाटत नव्हतें. परंतु आज हातीं आलेली जागा सोडली तर उद्यां ती पुन्हां मिळेल याची हमी कोण देणार, असा त्यांचा रोकडा सवाल होता. धाकटे काका नातीच्या बाजूचे. तिची आई, म्हणजे आमची मुलगी, दोन्हीकडचें ऐकून घेई व कांहीं बोलत नसे. आणि तिचें न बोलणें मला सर्वांत जड वाटे. शेवटीं व्याही मला म्हणाले, "मास्तर, तुमचा सारा जन्म मुलें पारखण्यांत गेला. एकदां तिच्याबरोबर पाण्यावर जाऊन या. तुम्ही सांगाल त्याला आम्ही मान देऊं." असा भार शिरावर घेऊन मी निघालों.

आम्हीं आदल्या संध्याकाळीं रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोटीनें चोडण बेटावर गेलों. पणजीहून रायबंदरकडे येणारा लांबलचक सेतु १६३३-३४ सालांतला. त्यावरून येतांना डाव्या हातास मांडवी आणि पलीकडे चोडणचें हिरवें कांदळवन दिसत राहतें. मांडवी ही वर घांटांत म्हादई. कर्नाटकांतील भीमगडच्या रानांत उगम पावून ती गोव्यांत उतरते आणि पणजीजवळ समुद्रास मिळते. मुखाजवळ तिच्या पात्रांत चोडण, दिवाडी यांसारखीं बेटें आहेत. चोडणच्या पश्चिम टोकास सुमारें पावणेदोन चौरस किलोमीटरांचें पक्षि-अभयारण्य १९८८ सालीं झालें, आणि त्याला आदल्याच वर्षीं निवर्तलेले पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांचें नांव दिलें गेलें.

या बेटाशीं आमच्या व्याह्यांच्या घराण्याचा जुना संबंध आहे. माशेलला जें देवकीकृष्णाचें मंदिर आहे, त्यांतील देव मूळचे चोडणचे. सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांच्या अमलांत देवळें मोडूं लागलीं, तेव्हां भक्तांनीं मूर्ति आधीं मयें गांवीं आणि पुढें माशेलला नेली. देवामागून घराणींहि गेलीं. त्यांत यांचें एक. बाळकृष्णाला कडेवर घेतलेली देवकी पाहिली म्हणजे ती आपलें मूल घेऊन नदीपार निघालेली आई आहे असेंच मला वाटतें. त्या घरांतील मुलगी चारशें वर्षांनंतर रोज उठून पुन्हां त्याच बेटाच्या चिखलांत जाते, ही गोष्ट फेरीबोटीच्या कठड्याशीं उभा असतांना माझ्या मनांत आली. मीं ती तिला बोलून दाखविली नाहीं. निवाडा करावयास आलेल्यानें आधींच भावुक होऊं नये.

तो दिवस आश्विन शुद्ध एकादशीचा. कोंकणांत जुना ठोकताळा आहे कीं, तिथीची पाऊणपट करावी म्हणजे भरतीची वेळ घड्याळांत मिळते. अकराची पाऊणपट सव्वाआठ; मांडवीच्या मुखाशीं भरती त्याच्या थोडी आधीं येते. नातीनें छापील कोष्टक पाहून वेळ वहींत लिहून ठेवली होती. मीं बोटांवर हिशेब करून सांगितली. दोहोंत तासाभराचें अंतर निघालें. तिनें हंसून माझाहि आंकडा वहींत लिहिला आणि पुढें कंसांत "आजोबा" असें लिहिलें.

पहांटे पांचास आम्ही बांधावर होतों. चंद्र मावळून गेला होता. दक्षिणेस व्याध लखलखत होता आणि त्याच्या बराच खालीं, माडांच्या शेंड्यांवर, एकटा अगस्ति. पाणी काळें आणि इतकें स्थिर होतें कीं व्याधाची तिरीप त्यांत उतरलेली दिसत होती. मीं हात जोडले. नात माझ्या शेजारीं उभी राहून कमरेला लाइफ जॅकेटचे पट्टे आंवळीत होती. मग तिनें तेंच माझ्याहि अंगावर चढविलें, पट्टे तीन वेळां ओढून पाहिले, आणि ज्यांच्या घरीं आम्ही उतरलों होतों त्या गृहस्थांना म्हणाली, "काका, साडेनऊपर्यंत आम्ही न आलों तर या दोन नंबरांवर फोन करा." हें वाक्य मीं मनांत टिपून ठेवलें.

आमचें वाहन म्हणजे कायाक. हा शब्द आणि ही नौका ग्रीनलंडकडील इन्युइट लोकांची. लांकडाच्या वा हाडांच्या सांगाड्यावर सीलचें कातडें ताणून ते ती बनवीत, आणि बर्फाळ पाण्यांत आवाज न करितां शिकारीजवळ जात. आतां ती प्लॅस्टिकची होते, आणि गोव्याच्या खाड्यांत पुष्कळ दिसते. रोमन लिपींत तिचें नांव उलटें वाचलें तरी तेंच राहतें. पाथरीच्या सूर्यकवीचें रामकृष्णविलोमकाव्य ज्यानें शिकविलें आहे त्याला या गोष्टीची मौज वाटल्यावांचून कशी राहील! नौकेचा आकारहि तसाच; दोन्हीं टोकें निमुळतीं, पुढें आणि मागें यांत फारसा भेद नाहीं. वल्ह्यालाहि दोन्हीं टोकांस पातीं असतात. माणूस पाण्याच्या पातळीवर पाय लांब करून बसतो. मला पोहतां येत नाहीं, आणि प्रथम बसलों तेव्हां नौका अशी डुलली कीं मनांतल्या मनांत गजेंद्रानें केला तसा धांवा मीं केला. नात मागच्या बैठकीवर होती. ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही वल्हवूं नका. फक्त ताठ बसा, आणि बोलूं नका."

"बोलूं नका" हें शब्द मीं आयुष्यभर दुसऱ्यांना सांगितले. मला ते सांगणारी ही पहिलीच.

आम्ही अभयारण्याची हद्द सोडून बाहेरच्या खाडींतून चाललों होतों. उजाडूं लागलें तसें दोन्ही कांठांवर कांदळवन उभें राहिलें. कोंकणांत वाढलेल्या माणसास हीं झाडें नवीं नाहींत. परंतु कांठावरून पाहिलेलीं आणि पाण्यावरून पाहिलेलीं झाडें एक नव्हेत. तिवराचीं श्वासमुळें चिखलांतून सरळ वर आलेलीं असतात, जणूं कोणी असंख्य बोरू रोवून ठेवले आहेत. ज्या चिखलांत हवा नाहीं त्यांत उभें राहावयाचें तर श्वासासाठीं मुळांनींच डोकें वर काढणें भाग आहे. कांदळाच्या मुळ्या कमानीसारख्या खोडांतून निघून पाण्यांत उतरतात. त्याचें बीं झाडावर असतांनाच रुजतें, हातभर शेंगेसारखें लांब होतें, आणि मग पाण्यांत वा चिखलांत पडतें. खाऱ्या पाण्यांत उघड्या बियाचा निभाव लागत नाहीं म्हणून ही योजना. लेंक माहेरीं वाढवून, सवरून, मगच परक्या घरीं पाठवावी तसेंच हें.

भरतीचें पाणी अजून चढत होतें आणि आम्ही त्याच्याबरोबर आंत सरकत होतों. वल्ह्याचा थेंब पडे तेवढाच आवाज. इंजिनाची होडी दूरवर आली तरी बगळे आधींच उडतात; आमच्यापासून चार हातांवर एक राखी बगळा एका पायावर उभा होता, त्यानें आमची दखलहि घेतली नाहीं. वंचक नांवाचा मळकट बगळा तर मुळींच्या रंगांत असा मिसळला होता कीं नातीनें वल्ह्यानें दाखवीपर्यंत मला दिसला नाहीं. काळ्या टोपीचा खंड्या, पाठ गर्द निळी, चोंच लाल, एका वाळक्या फांदीवरून बाणासारखा सुटला. हा आपल्या विहिरीवरच्या खंड्याचा भाऊबंद. पण त्याची आवड खाडीकांठची. वर ब्राह्मणी घारी घिरट्या घालीत होत्या. तांबूस पाठ आणि शुभ्र मस्तक अशी ही घार कोंकणच्या बंदरावर सर्वांच्या ओळखीची आहे.

इतक्यांत एका उघड्या चिखलाच्या पट्टीवर शेपटी खालींवर हालवीत एक लहानसा पक्षी धांवत गेला. मीं ओळखला. हा धोबी, संस्कृतांत खंजन. उत्तरेकडून तो पावसाळा संपतां संपतां आपल्याकडे येतो, आणि जुन्या लोकांत शरदांतील प्रथम खंजनदर्शन शुभ मानीत. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत, म्हणजे सहाव्या शतकांतील ग्रंथांत, खंजनाच्या दर्शनावर एक स्वतंत्र अध्याय आहे. तो कोणत्या जागीं बसलेला दिसला असतां काय फळ, याचा तेथें विचार केला आहे. फळाचें सोडून द्या. परंतु वर्षांत हा पक्षी केव्हां येतो, कोठें बसतो, जवळपास काय असतें, याची कोणीतरी बारकाईनें नोंद ठेवल्यावांचून तो अध्याय लिहिला गेला नसता. मीं हें हळूच नातीला सांगितलें. तिनें बोलूं नका म्हणून पुन्हां बजावलें नाहीं, उलट वल्हें आडवें ठेवून विचारलें, "कोणतें पुस्तक म्हणालांत?" आणि तें नांव लिहून घेतलें. चिखलाच्या पाण्यानें वहीचा कोपरा भिजला होता. तिच्या अक्षराचें वळण माझ्या मुलीचें आहे.

भरती पुरी झाली आणि पाणी क्षणभर कोणत्याच दिशेस वाहीनासें झालें. तेथून पुढें एक बांध लागला. हा खाजनाचा बांध. खाजन म्हणजे खाडीच्या खाऱ्या पाण्यापासून बांध घालून सोडविलेली जमीन. गोव्यांत अशी सुमारें १८,००० हेक्टर जमीन आहे असें सांगतात. ही विद्या फार जुनी. फोंडें महालांत बांदिवडें येथें अनिर्जितवर्मा या कोंकणच्या मौर्य राजाचा ताम्रपट सांपडला आहे. सहाव्या शतकाच्या सुमाराच्या त्या दानपत्रांत "खज्जन" भूमीचा उल्लेख येतो, आणि समुद्राचें पाणी अडवून ती लागवडीस आणण्याची गोष्ट त्यांत आहे. शब्द तोच, जमीन तीच, बांधहि तोच, असें म्हणावयास हरकत नाहीं.

बांधांत जागोजाग द्वारें असतात, त्यांस मानस म्हणतात. दगडी चौकटीला लांकडी झडपा. भरतीचें पाणी बाहेरून दाबूं लागलें कीं त्या आपोआप मिटतात. ओहोटी लागली कीं आंतलें पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतें. तेथें इंजिन नाहीं कीं विजेची कळ नाहीं, चंद्र हाच काय तो द्वारपाल. पावसानें जमिनीतला खार धुतला गेला म्हणजे आंत कोरगुट नांवाचें खारें पाणी सोसणारें भात होतें. एरवीं त्याच पाण्यांत मासे आणि कोळंबी. शरदांत भात कापणीस येतें. आम्ही पाहिलें तेव्हां एका बाजूस पिवळें शेत होतें, आणि दुसऱ्या बाजूस बांध फुटून कित्येक वर्षें कोणीं न दुरुस्त केलेल्या जागीं शेताचें पुन्हां कांदळवन झालें होतें. कुळें शहरांत गेलीं, मजूर मिळेना, भाऊबंदांत जमिनीचे वाटे फार झाले. बांध कोणाचा हेंच ठरेना. एकत्र राखावयाची वस्तु एकेकट्यानें राखली जात नाहीं, एवढेंच मी येथें म्हणतों. आमचे वाचक एकत्र कुटुंबांतले आहेत. त्यांना फोड करून सांगावयास नको.

मानसापासून वीसएक हातांवर नातीनें कायाक कांदळाच्या मुळ्यांत घुसविली आणि एक मूळ हातानें धरून ठेवलें. "आतां थांबावयाचें," ती कुजबुजली. आम्ही थांबलों. घड्याळ पाहिलें नाहीं. परंतु ओहोटीचें पाणी दगडावर सहा बोटें खालीं येईपर्यंत थांबलों असूं. डांस चावत होते. माझ्या पायाला मुंग्या आल्या. चिखल उघडा पडला तसे निवटे त्यावर उड्या मारूं लागले, आणि बिळांतून लहान खेकडे निघाले, ज्यांतल्या नराची एकच नांगी अंगाएवढी मोठी असते. मीं एकदां मान वळवून पाहिलें. नातीचे डोळे मानसावर होते आणि तिच्या गालावर डांस बसला होता. तिनें तो उडविला नाहीं.

मानसाची झडप किंचित् करकरली. आंतलें पाणी सुटलें. त्याबरोबर खालच्या अंगास एक शीळ ऐकूं आली, मग दुसरी, आणि पाण्यांतून एकामागून एक पांच डोकीं वर आलीं.

पाणमांजर मांजराएवढें असतें अशी माझी समजूत ऐकीव नांवावरून व्हावयाची. परंतु खाडीवर पुष्कळ उठबस असल्यामुळें मला त्याचें आकारमान ठाऊक होतें. मोठें जनावर नाकापासून शेपटीच्या टोंकापर्यंत मीटरभराहून लांब, वजन सात ते अकरा किलो, अंगावरची लव तेल चोपडल्यासारखी गुळगुळीत, शेपूट टोंकाशीं चपटी, बोटांमध्यें पडदे. संस्कृतांत याला उद्र म्हणतात. मराठींत ऊद किंवा हूद हा त्याचाच अपभ्रंश. आणि इंग्रजींतला ऑटर हा शब्दहि त्याच मुळाचा. म्हणजे आर्यभाषा दूरदूर पांगल्या त्यापूर्वींपासून माणूस नदीकांठीं उभा राहून या प्राण्यास त्याच नांवानें ओळखतो आहे.

पांचहि जणांनीं मिळून मानसाच्या तोंडाशीं अर्धवर्तुळ केलें. एकानें बुडी मारली कीं दुसरा वर. बाहेर येणारे मासे त्या वर्तुळांत सांपडत. थोरला एक पालवा एवढा मासा दोन्ही पुढच्या पंज्यांत धरून, मान तिरकी करून, कडाकड चावीत होता. तो आवाज आम्हांला स्पष्ट ऐकूं येत होता. दोघे धाकटे गेल्या वर्षींचे, असें नातीनें मागून सांगितलें. त्यांना मासा मिळेना. त्यांनीं थोरल्याभोंवतीं चिंचिं करून गिल्ला केला, तेव्हां त्यानें उरलेला तुकडा टाकून दिला आणि पुन्हां बुडी मारली. या जातींत आईबाप आणि आधींच्या वेतांचीं मुलें मिळून एकत्र राहतात. मग तीं बांधावर चढलीं, ठराविक एका दगडाशीं जाऊन एकेकानें आपली खूण ठेवली, वाळूंत अंग घासलें, आणि पुन्हां पाण्यांत उतरून वळणापलीकडे दिसेनाशीं झालीं. दहा मिनिटांचा खेळ. नातीनें वहींत पांच ओळी लिहिल्या. मग आम्ही त्या दगडाशीं गेलों आणि जी वस्तु घरीं थट्टेचा विषय झाली होती ती तिनें माझ्यासमोर चिमट्यानें उचलली. तींत माशांचे खवले होते आणि खेकड्याच्या कवचाचे तुकडे होते. ती म्हणाली, "आजोबा, शेतकरी म्हणतात पाणमांजरें बांध पोखरतात. बांधाला भोंकें पाडतात ते खेकडे. आणि हीं त्यांना खातात. हें नुसतें सांगून कोणी मानीत नाहीं. मोजून दाखवावें लागतें." कोळ्यांचीं जाळीं मात्र तीं फाडतात, हेंहि तिनें लपविलें नाहीं. या प्राण्याच्या कातड्याला किंमत येते म्हणून त्याची पुष्कळ हत्या झाली. २०१९ सालीं आंतरराष्ट्रीय करारानें त्याचा व्यापार बंद केला. परंतु करार परदेशांत होतो, आणि जनावर येथल्या बांधावर राहतें.

परततांना बोलण्यास मुभा होती. मीं मगरींचें विचारलें. ती म्हणाली कीं मगरी मुख्यतः मांडवी व जुवारी यांना जोडणाऱ्या कुंभारजुवें कालव्यांत आहेत. गोड्या पाण्यांतली ही मगर तेथें मचूळ पाण्यांत राहते. त्या बाजूस ती कायाक नेत नाहीं. काम पडल्यास मोठ्या होडींतून, दोघांतिघांसह जाते. त्याच कालव्याच्या आसपासच्या कांहीं खेड्यांत पौष अमावास्येस चिखलाची मगर करून तिची पूजा करितात. तिला मानगे थापणी म्हणतात. बांधाशेजारीं राहणारा प्राणी बांधाचा राखणदार मानला गेला. भय धरावें, पण वैर धरूं नये, अशी ती रीति.

दुपारची जेवणें आटोपल्यावर माशेलच्या घरीं राजांगणाभोंवतीं सगळे बसले. मीं जें सांगितलें तें थोडक्यांत असें. मगरींची भीति खोटी नव्हे. परंतु मुलगी बेफिकीर नाहीं. परतण्याची वेळ सांगून निघते, पट्टा तीनदां ओढून पाहते, हद्द ओलांडीत नाहीं. हें मीं न विचारतां पाहिलें. दुसरें, मीं हजारों मुलें पाहिलीं. हुशार पुष्कळ असतात. परंतु एका वस्तूकडे तासभर, डांस चावत असतां, न बोलतां पाहत राहणारें मूल मला दोनचारदांच मिळालें. त्यांतलें एक आपल्या घरांत आहे. तिसरें, पैशाविषयीं. त्यावर माझ्याजवळ उत्तर नाहीं. शाळेची जागा चांगली आहे. मी स्वतः शाळेचें अन्न खाल्लें आहे, तिची निंदा मी करणार नाहीं. परंतु अर्धें मन बांधावर ठेवून वर्गांत उभें राहणारा शिक्षक मुलांना कळतो. तेव्हां तिला दोन वर्षें द्यावीं. एकटीनें पाण्यावर न जाण्याची अट घालावी. आणि दोन वर्षांनीं ती आपल्या पायांवर उभी राहण्याजोगी झाली कीं नाहीं हें तिनेंच येथें बसून सांगावें.

तिच्या वडिलांनीं बराच वेळ मान हालविली नाहीं. शेवटीं म्हणाले, "दोन वर्षांनीं पुन्हां बसूं, हें लक्षांत ठेवा." पटलें असें ते म्हणाले नाहींत, आणि मीहि त्यांच्याकडून तें वदवून घेतलें नाहीं. व्याही माझ्याकडे पाहून नुसते हंसले. आमची मुलगी उठून आंत गेली आणि सर्वांसाठीं चहा घेऊन आली. तिचे डोळे ओले होते, पण ती पुष्कळ दिवसांनीं मोठ्यानें बोलत होती. विहीणबाई शेवटपर्यंत गप्प होत्या. मग त्या नातीला म्हणाल्या, "पहांटे जातेस तर डबा घेऊन जात जा. उपाशीं पोटीं पाण्यांत उतरूं नये." त्या घरांत याहून मोठी संमति नाहीं.

शाळेस त्याच दिवशीं नम्रपणें नकार कळविला गेला. निर्णय बरा कीं वाईट हें दोन वर्षांनीं ठरेल. मी त्याची जबाबदारी घेतली आहे आणि ती मला जड वाटत नाहीं.

वाचकांना माझें एवढेंच सांगणें आहे. आपल्यापैकीं बहुतेकांच्या गांवाला नदी आहे, निदान ओढा आहे. शरदांत पाणी निवळल्यावर एक दिवस पहांटे घरांतल्या मुलांना घेऊन तेथें जावें. कायाक पाहिजे असें नाहीं. कांठावरचा दगडहि चालतो. मोबाइल घरीं ठेवावा. कांहीं शिकवूं नये. मुलांना वाटेल तोंवर गप्प बसूं द्यावें, आणि मुलांपैकीं कोण सर्वांत शेवटीं उठतें तें मात्र वडील माणसांनीं पाहून ठेवावें.